धारेचे गाव

परदेशातून माणूस काय घेऊन येतो, यावरून त्याचा स्वभाव ओळखावा. कुणी अत्तरे आणतो, कुणी घड्याळे आणतो, कुणी शेजारपाजारच्या मुलांना पुरतील इतके चॉकलेटांचे डबे आणतो. मला परक्या गावी गेलो की हत्यारांचे दुकान शोधण्याची खोड आहे. हत्यारे म्हणजे तलवारी-बंदुका नव्हेत, सुताराची हत्यारे. रंधे, पटाश्या, करवती, गिरमिटे. पेशाने मी मास्तर. सुतारकाम ही केवळ सुटीच्या दिवसाची हौस. परंतु या हौसेने मला जितका इतिहास शिकवला, तितका पुष्कळ जाड ग्रंथांनीही शिकवला नसेल. हत्यार घेताना जाणते गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारते : पोलाद कुठले, आणि घडवले कुणी? या दोन साध्या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे शोधू लागले, म्हणजे दोन-तीनशे वर्षांचा इतिहास रंध्याखालून निघणाऱ्या सालपटासारखा उलगडत जातो.

शेफील्ड हे नाव आमच्यापैकी अनेकांनी भूगोलाच्या पुस्तकात वाचण्याआधी चाकूच्या पात्यावर वाचले. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर एखादे जुने हत्यार हातात घेऊन गंज पुसावा, तर खालून इंग्रजी अक्षरे वर येतात आणि त्यांत बहुधा शेफील्ड असतेच. तेव्हा विलायतेला जाण्याचा योग आला, त्यावेळी लंडनचे राजवाडे आणि संग्रहालये भराभर उरकून मी सेंट पँक्रास स्टेशनावरून शेफील्डची गाडी धरली. दोन-सव्वादोन तासांचा प्रवास. बरोबरच्या मंडळींनी मला वेड्यात काढले. असो.

हे गाव यॉर्कशायरच्या दक्षिण टोकाला, टेकड्यांच्या कुशीत बसले आहे. शीफ नावाची एक चिमुकली नदी. तिच्यावरून गावाचे नाव पडले. शिवाय डॉन, पोर्टर, रिव्हेलिन आणि लॉक्सली. पाचही नद्या टेकड्यांवरून उतरत येणाऱ्या, म्हणजे पाणचक्की फिरवायला सोयीच्या. जवळच्या डोंगरांत सहाणेला योग्य असा खरखरीत वाळूचा दगड, आसपास लोणारी कोळशाला पुरेल इतके रान, पोटात दगडी कोळसा. धार लावण्याच्या धंद्याला याहून अधिक काय हवे? चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर कवीने ‘कँटरबरी टेल्स’ लिहिल्या, त्यांतल्या एका गिरणीवाल्याच्या पायमोज्यात त्याने शेफील्डचाच चाकू खोचून ठेवला आहे. म्हणजे त्या काळीही हे नाव सांगितले की ऐकणाराला अधिक सांगावे लागत नसे. पुढे १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने इथल्या चाकू-कात्रीवाल्या कारागिरांचा संघ स्थापन झाला. कुणी कोणती निशाणी आपल्या मालावर उठवावी, उमेदवार किती वर्षे ठेवावा, हे सारे तो संघ ठरवी. त्याचा प्रमुख ‘मास्टर कटलर’ म्हणून आजही मानाने मिरवतो.

पण चाकू-कात्र्यांचे गाव आणि पोलादाचे गाव यांत फरक आहे. तो फरक ज्या माणसाने केला तो चाकूवाला नव्हता, लोहारही नव्हता. तो घड्याळजी होता.

बेंजामिन हंट्समन हा १७०४ साली जन्मलेला क्वेकर पंथाचा गृहस्थ डॉनकास्टरला घड्याळे करी. घड्याळाच्या कमानी त्याच्या मनासारख्या होत ना. दोष कारागिरीत नव्हता, पोलादात होता. त्या काळी पोलाद करायची रीत अशी : स्वीडनहून आणलेल्या उत्तम लोखंडाच्या पट्ट्या दगडी पेटीत कोळशाच्या भुकटीचे थर देऊन रचायच्या, पेटी लिंपून बंद करायची आणि आठवडाभर भट्टीत धगधगत ठेवायची. कोळशाचा अंश हळूहळू लोखंडात शिरे आणि पोलाद तयार होई. पट्ट्यांवर फोड उठत, म्हणून त्याला ‘फोडांचे पोलाद’च म्हणत. यात गोम अशी, की कोळसा बाहेरून आत शिरणार. म्हणजे पट्टी कडेला कठीण आणि गाभ्यात मऊ राहणार. भाकरी कडेला करपावी आणि मध्ये कच्ची राहावी, तसा प्रकार.

हंट्समनने विचार केला, की हे पोलाद पुरते वितळवलेच तर त्याचा कण न् कण सारखा होईल. बोलायला सोपे, पण पोलाद वितळायला सुमारे १६०० अंशांची आच लागते, आणि त्या आचेला टिकेल अशी मूस आणायची कुठून? १७४०च्या सुमारास तो शेफील्डजवळ हँड्सवर्थला येऊन राहिला आणि गुपचूप प्रयोग करत बसला. अखेर मूस साधली, भट्टी साधली आणि मुशीत वितळलेले एकजीव पोलाद हाती आले. मौज पुढेच आहे. शेफील्डच्या कारागिरांनी हे पोलाद नाकारले! म्हणाले, फार कठीण आहे, घडवायला त्रास पडतो. हंट्समनने आपला माल फ्रान्सला विकायला सुरुवात केली. फ्रेंचांचे चाकू इंग्लंडच्या बाजारात येऊन शेफील्डच्या चाकूंना मागे सारू लागले, तेव्हा कुठे गावकऱ्यांचे डोळे उघडले. त्याने पेटंट घेतले नव्हते. गुपित जपणे एवढाच त्याचा बंदोबस्त. अशी आख्यायिका आहे, की एका थंडीच्या रात्री वॉकर नावाचा एक प्रतिस्पर्धी भिकाऱ्याच्या वेषात कुडकुडत त्याच्या कारखान्याच्या दाराशी आला, कामगारांनी दया येऊन त्याला भट्टीपाशी निजू दिले, आणि त्याने एक डोळा उघडा ठेवून सारी कृती पाहून घेतली. खरे-खोटे कोण जाणे. पण गुपित फुटले आणि गाव पोलादाचे झाले, एवढे मात्र खरे.

इथे मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहील, तो माझ्याही मनात राहिला. मुशीत पोलाद करण्याची विद्या आपल्याकडे नव्हती काय? होती, आणि फार जुनी होती. म्हैसूर, सेलम, तेलंगणातले कोनसमुद्रम या भागांतले लोहार मातीच्या लहान मुशीत लोखंडाचे तुकडे, तरवडाची काटकी आणि रुईची पाने घालून, तोंड लिंपून भात्याच्या आचेवर तापवीत. तोच तरवड आणि तीच रुई, जी आपल्याकडे माळरानावर बेवारशी वाढते. त्यातून जी पोलादाची ढेप निघे तिला कानडीत ‘उक्कु’ म्हणतात. इंग्रजांनी त्याचे ‘वूट्झ’ केले.

आणि या वूट्झची विलायतेशी गाठ घालून दिली ती मुंबईने. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतला डॉक्टर हेलेनस स्कॉट मुंबईस राही. त्याने १७९४च्या सुमारास वूट्झचे नमुने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. जॉर्ज पिअर्सनने त्यांची परीक्षा करून १७९५ साली निबंध वाचला. मुंबईहून आले म्हणून त्याने ते ‘मुंबईला होणारे पोलाद’ असे शीर्षकातच लिहून टाकले. मुंबई ही नुसती पाठवणारी पेढी होती, घडवणारे हात दूर दक्षिणेत होते. पण परदेशी गेलेल्या मालावर बंदराचेच नाव बसते. पुढे १८१९पासून जेम्स स्टॉडार्ट हा लंडनचा शस्त्रे करणारा कारागीर आणि त्याच्या जोडीला एका लोहाराचा मुलगा वूट्झच्या मागे लागले. तो लोहारपुत्र म्हणजे मायकेल फॅरडे. विजेचा शोधक म्हणून जग त्याला ओळखते. त्याआधी त्याने आपल्या उक्कुची नक्कल करता करता पोलादात नाना धातू मिसळून पाहिले होते. त्यांतले काही मिश्रण मोठ्या प्रमाणावर करून पाहायची वेळ आली, तेव्हा ते काम त्याने शेफील्डच्या सँडरसन यांच्या भट्टीवर सोपवले.

यावरून ‘इंग्रजांनी आमची विद्या चोरली’ अशी आरोळी ठोकण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. हंट्समनच्या मुशीनंतर पन्नास वर्षांनी स्कॉटच्या ढेपा लंडनला पोचल्या. हंट्समनने उक्कु पाहिल्याचा पुरावा नाही. त्याची मूस त्याचीच. पण दुसरे एक सत्य तितकेच कडू आहे. विलायतेत त्या ढेपांवर रॉयल सोसायटीत निबंध वाचले जात होते, फॅरडेसारखा माणूस त्यांच्यापुढे रात्रंदिवस बसत होता. आणि ढेपा करणारा लोहार मात्र आपल्याच देशात शेफील्डच्या स्वस्त मालापुढे भट्टी विझवीत होता. विद्या होती, पण ती हातात होती, कागदावर नव्हती. हात थांबले तशी ती गेली.

या कहाणीचा आणखी एक धागा मद्रासकडचा आहे. जोसाया हीथ नावाचा कंपनीचा नोकर हिंदुस्थानातल्या लोखंडाच्या नादी लागला. पोर्टो नोव्हो येथे त्याने कारखाना काढला. मग तो शेफील्डला गेला आणि १८३९ साली पोलादात मँगेनीज घालण्याचे पेटंट त्याने घेतले. त्यामुळे साध्या लोखंडापासूनही चांगले पोलाद होऊ लागले आणि शेफील्डवाल्यांचा मोठा पैसा वाचला. कारखानदारांनी कृती किंचित बदलून वापरली आणि हीथला दमडी दिली नाही. वर्षानुवर्षे खटला चालला. १८५५ साली लॉर्डांच्या सभेत निकाल विरुद्ध गेला, तेव्हा हीथ तो ऐकायला जिवंतही नव्हता.

आज हे सारे डोळ्यांनी पाहायचे तर शीफ नदीकाठच्या ॲबीडेल या जुन्या कारखान्यात जावे. तिथे विळे-कोयत्यांची मोठी भावंडे, म्हणजे गवत कापायची लांब दांड्याची पाती, १९३३पर्यंत होत. १९७०पासून तो संग्रहालय म्हणून राखला आहे, आणि मुशीच्या पोलादाची भट्टी तिथे धडधाकट उभी आहे. मुशी तिथेच करीत. कुंभारासारखे चाक नाही. ओली माती माणूस अनवाणी पायांनी तासन् तास तुडवी. यंत्राने का नाही? तर मातीत एखादा खडा राहिला तर तो तळपायालाच कळतो, आणि खडा राहिला तर मूस भट्टीत फुटते. पंचवीस-तीस किलो वितळलेल्या पोलादाची पांढरीशुभ्र मूस चिमट्याने वर काढणारा गडी पायांना ओली गोणपाटे गुंडाळून त्या विवरावर दोन्हीकडे पाय फाकून उभा राही. गोणपाटातून वाफ निघत असे. आपल्याकडे मूस फोडून ढेप काढीत, इथे मुशीतून रस ओतीत, इतकाच फरक. माती, आच आणि माणसाचा जीव दोन्हीकडे सारखेच.

जिवाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. धार लावणारे कारागीर फिरत्या दगडावर ओणवे बसून पाते घासत. दगडाची धूळ छातीत जाई. पाणी न वापरता कोरडे घासणारांची अवस्था सर्वांत वाईट. डॉक्टर नाइट यांच्या निरीक्षणाचा आधार घेऊन एंगल्सने १८४५ साली लिहून ठेवले आहे, की कोरडे घासणारे सरासरीने पस्तिशी जेमतेम गाठत आणि ओले घासणारे क्वचितच पंचेचाळिशी ओलांडत. धूळ ओढून नेणारे पंखे निघाले होते. परंतु काही ठिकाणी कामगारांनीच ते मोडून टाकले! कारण काय? धंद्यातला धोका कमी झाला तर आणखी माणसे येतील आणि मजुरी उतरेल. आयुष्य विकून मजुरी राखण्याचा हा हिशोब वाचला, तेव्हा हातातली सुरेख पटाशी मला एकदम जड वाटू लागली.

अशा माणसांची संघटना मवाळ कशी असणार? जो संघाची वर्गणी देत नसे त्याच्या सहाणेचा पट्टा रात्री नाहीसा होई. ऑक्टोबर १८६६मध्ये संघ सोडून गेलेल्या फर्निहॉ नावाच्या करवत घासणाऱ्याच्या घरात बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. १८६७ साली सरकारी चौकशी बसली. खरे बोलणाराला माफी मिळेल असे आश्वासन मिळताच करवत घासणारांच्या संघाचा चिटणीस ब्रॉडहेड याने एकामागून एक गुन्ह्यांची कबुली दिली. त्यांत माणूस मारवल्याचीही. सारा देश हादरला. मात्र त्या गदारोळातूनच कामगार संघटनांना कायद्याची मान्यता देण्याची चर्चा पुढे सरकली आणि १८७१ साली तसा कायदा झाला. करवतीच्या पात्यामागे इतके रक्त असते, हे लाकूड कापताना कुणाच्या मनात येते?

पुढची उतरण थोडक्यात सांगतो. बेसेमरने १८५८ साली याच गावात आपला कारखाना काढून पोलाद टनावारी करून दाखवले. अमेरिकेने जकाती बसवल्या आणि स्वतःच्या करवती, स्वतःचे बिडाचे रंधे काढले. स्टॅनलेचा रंधा तर इतका सरस ठरला, की पुढे शेफील्डवाल्यांनीच त्याच धर्तीचे रंधे करायला घेतले. १९१३ साली हॅरी ब्रिअर्लीने इथे न गंजणारे पोलाद सिद्ध केले. मग विजेच्या भट्ट्या आल्या, मुशी थंडावल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक कारखाना बंद पडत गेला. काळाचा विनोद असा, की २००७ साली आपल्या टाटांनी कोरस ही कंपनी घेतली, तेव्हा शेफील्डच्या परिसरातले पोलादाचे कारखानेही त्यांच्या ताब्यात आले. २०१७ साली त्यांनी ते विकले.

मग मी काय खरेदी केली? नव्या मालाची दुकाने लखलखीत होती, पण मन रमले ते रविवारच्या जुन्या बाजारात. एका म्हाताऱ्याने जमिनीवर घोंगडी पसरून हत्यारे मांडली होती. जुनी पटाशी घेताना काय पाहावे? मूठ चिरली असली तरी चालेल, ती बदलता येते. पात्याची पाठ पाहावी. धारेजवळ गंजाचे खड्डे असतील तर सोडून द्यावी, कारण तिला नितळ धार चढत नाही. करवत असेल तर पाते वाकवून सोडावे. ते बाणासारखे सरळ झाले पाहिजे. आणि पात्यावर ‘कास्ट स्टील’ अशी अक्षरे दिसली तर ‘हे तर बीड’ असे समजून परत ठेवू नये. कास्ट म्हणजे इथे मुशीतून ओतलेले. तीच हंट्समनची सही. तशी अक्षरे असलेली एक सहा सुती पटाशी मला मिळाली. सगळे पाते पोलादाचे नव्हते. नरम लोखंडाच्या अंगाला पोलादाची पातळ पट्टी जोडलेली. आपला लोहार कुऱ्हाडीच्या तोंडाशी पोलाद भरतो, तीच रीत. मुठीवर तीन वेगवेगळी नावे ठशाने उमटवलेली होती. तिकडे सुतार आपल्या हत्यारावर आपले नाव ठोकतो. तो गेला की हत्यार दुसऱ्याकडे जाते आणि तो आपले नाव शेजारी ठोकतो. म्हातारा म्हणाला, “बारा पौंड. चौथे नाव तुमचे.”

हत्यारे जपणारा एक माणूस या गावात होऊन गेला. केन हॉली हा हत्यारांचा दुकानदार. कारखाने बंद पडू लागले तेव्हा इतर लोक भंगारचा भाव विचारत असताना त्याने हजारो हत्यारे, अर्धवट घडवलेले नमुने, किमतींची जुनी पुस्तके गोळा करून ठेवली. तो २०१४ साली वारला. त्याचा संग्रह केलहॅम आयलंड येथील संग्रहालयात आहे. एकाच पटाशीच्या घडणीचे टप्पे तिथे ओळीने मांडलेले पाहिले आणि मला हेवा वाटला. आपल्या सुतार-लोहारांचे वाकस, सामते, किकरी असे कुणी ओळीने मांडून ठेवले आहेत काय?

परत आल्यावर ती पटाशी मी आमच्या आळीतल्या वयोवृद्ध मिस्त्रींना दाखवली. त्यांनी ती नखावर टेकवून पाहिली, सागाच्या फळीवर दोन फटके मारले आणि म्हणाले, “मास्तर, पाणी झकास दिलंय हिला. ज्यानं दिलं त्याला नमस्कार.” मी त्यांना हंट्समन, फॅरडे आणि उक्कु यांची गोष्ट सांगू लागलो. ते ऐकत होते, पण हात थांबला नव्हता. मग म्हणाले, “आमच्या आजोबांच्या पटाश्या गावचा लोहारच करायचा. बलुत्यात. त्याचा नातू आता रिक्षा चालवतो.”

पटाशीवर कारखान्याचे नाव आहे, तीन सुतारांची नावे आहेत. माती तुडवणाऱ्याचे नाही, गोणपाट गुंडाळून उभा राहिला त्याचे नाही, सहाणेवर छाती झिजवली त्याचे नाही. कोनसमुद्रमच्या लोहाराचे तर कुठेच नाही. खंडेनवमीला आपण हत्यारांना झेंडूची फुले वाहतो, ती एका परीने या बिननावाच्या माणसांनाच पोचत असावीत. वाचकांपैकी कुणी पुढेमागे विलायतेस गेलेच, तर एक दिवस शेफील्डसाठी राखून ठेवावा. हत्यार विमानात हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत, तेव्हा ते कापडात गुंडाळून मोठ्या पेटीत घालावे. आणि आपल्या गावात अजून भाता चालवणारा लोहार असेल, तर विलायतेची वाट न पाहता या दिवाळीतच त्याच्याकडून एखादी विळी, एखादी पटाशी करवून घ्यावी, आणि त्याचे नाव विचारून लिहून ठेवावे.